खड्ड्यावरचं बसतं काम

आमच्या रोवणीच्या टोळीत एक रीत होती आणि ती मीच घातलेली. ज्या बाईला दिवस गेले असतील तिला वाकून रोवायला लावायचं नाही, बसतं काम द्यायचं. मजुरीचा वाटा मात्र सगळ्यांसारखा पुरा. या रीतीपायी आमच्या टोळीचं नाव होतं. बाया आपल्या नव्या सुना माझ्याकडे आणून सोडायच्या, म्हणायच्या, हिच्या टोळीत पोटुशीला जपतात. ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, छाती वर यायची. आणि त्याच रीतीनं मी माझ्या नातीचे पाय घालवले, असं आज मला वाटतं. वाटतं म्हणते, कारण नक्की कोणीच सांगत नाही. ना डॉक्टर सांगत, ना देव.

आता ज्यांनी धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, पाहिली नसेल त्यांना हे कळायचं नाही, म्हणून थोडं सांगते. धान आधी एका कोपऱ्यात दाट पेरतात. त्याची वीतभर रोपं झाली की त्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो. ते उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, आणि मग चिखल केलेल्या बांधीत ओळ धरून, मागं मागं सरकत, चार-चार काड्या रोवत जायचं. सकाळी वाकलेली कंबर दिवस बुडताना सरळ होते. कधी तर होतही नाही, रात्री तशीच वाकडी झोपते. माझं पहिलं अशाच एका बांधीत गेलं. तिसरा महिना होता. मी कोणाला काही बोलले नाही, नहरावर जाऊन लुगडं धुतलं आणि परत ओळीत येऊन वाकले, कारण ओळ माझ्यासाठी थांबणार नव्हती. पुढं टोळी माझ्या हातात आली तेव्हा पहिलं काम हेच केलं. पोटुशी बाई वाकणार नाही.

सुरुवातीला बसतं काम म्हणजे धुऱ्यावर, बांधावर, बसून पेंढ्या बांधणं. मग दवाई आली. त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. कृषी केंद्रवाल्यानं मालकांना सांगितलं की पऱ्ह्यांची मुळं दवाईत बुडवून लावा, खोडकिडा लागत नाही. तेव्हापासून प्रत्येक बांधीच्या कोपऱ्यात एक खड्डा. हातभर खोल, त्यात खताच्या बोरीतली प्लास्टिकची पन्नी अंथरायची, पाणी भरायचं आणि बाटलीतली दवाई ओतायची. पाणी दुधासारखं पांढरं होतं. पेंढ्या मुळाकडून त्यात उभ्या करायच्या, थोड्या वेळानं उचलायच्या, ओळीतल्या बायांकडे फेकायच्या. या कामाला एक माणूस बसता लागतो. वर मोहाची सावली, खाली बसायला बोरी. पोटुशीला याहून चांगली जागा कोणती? मीच ठरवलं. कोणी माझ्यावर लादलं नाही.

बसणारीचे हात कोपरापर्यंत त्या पाण्यात असायचे. घासलेट आणि सडक्या लसणाचा मिळून जसा येईल तसा वास. आठ दिवसांत बोटांची सालपटं निघायची, त्याला ती खोबरेल लावायची. दुपारी नहरात हात खळबळायचे आणि डब्यातला भात कालवायचा. भाताला तो वास यायचाच. बाटलीवर एक पिवळा तिकोन होता. तो पाहून टोळीतली एक म्हणाली होती, "लाल असता तं कुटुंब नियोजनवाला असता. हा पिवळा हाय, याच्यानं पोरं होत असतीन." आम्ही चिखलात बसून हसलो होतो. एकदा मीच कृषी केंद्रात विचारलं, बाबा, यानं हाताची साल निघते, काही होत तर नाही? तो म्हणाला, "कुछ नहीं होता बाई, साबुन से धो लेना." साबण मी खरंच आणला. लाल साबणाची वडी, अर्धी-अर्धी कापून. तेवढी काळजी मी केली, हे सांगायला हवं. सांगून काही होत नाही, तरी.

माझी सून देवरीकडची. तिच्या माहेरी डोंगर-उतारावरची शेती, मोहफूल, तेंदूपत्ता. नहराच्या पाण्यावर धान करणारं गाव तिनं लग्नानंतरच पाहिलं. हसरी पोरगी, आणि तोंडानं फटकळ. माझा मुलगा ट्रॅक्टरवर चिखलणी करतो, तो घरी आला की त्याला दारातच थांबवून म्हणायची, "आधी चिखल काहाडा, मंग नवरा मनून आत या." तिला दिवस गेले ते नेमके रोवणीच्या तोंडावर. पाळी चुकून चार-पाच दिवस झाले असतील, आशाताईनं पट्टी लावून पाहिली आणि दोन रेघा आल्या. दुसऱ्याच दिवशी मी तिला खड्ड्यावर बसवलं. तीन आठवडे ती बसली.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, या दवाईचा वास लय येते. पोटात ढवळून राहिलं."

मी म्हटलं, "पोटुशीले सप्पाच गोष्टीचा वास येते. मले तं कांद्याचा येत होता. वाकण्यापरीस बरं नाई का?"

ती म्हणाली, "बरं हाय."

एवढंच. यावर मी हजार वेळा फिरून आले आहे, घाण्याच्या बैलासारखी. ती बोलली होती. मला सांगितलं होतं.

सातव्या महिन्यात गोंदियाला सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की लेकराच्या पाठीचा कणा एका जागी मिटलेला नाही आणि डोक्यात पाणी जमतं आहे. नागपूरला न्यायला सांगितलं. तिथंच नात जन्मली. चेहरा म्हणाल तर चांदीच्या रुपयासारखा. पाठीवर, कमरेच्या वर, लिंबाएवढी गाठ, त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. आतलं लाल दिसत होतं. पाय मऊ. नुसते मऊ, जसे शिजलेल्या शेंगा. नर्सनं तळव्याला टिचकी मारली, पाय हलला नाही. माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ऑपरेशनच्या आधी एक डॉक्टरीण आली. वयानं माझ्या सुनेएवढी. हातात फॉर्म. ती एकेक विचारत होती आणि लिहीत होती. नात्यातलं लग्न आहे का. ताप आला होता का. साखर आहे का. घरात अशी आणखी लेकरं झालीत का. सून खाटेवर पडून उत्तरं देत होती, नाही, नाही, नाही. मग डॉक्टरीण म्हणाली, "पहिल्या दोन-तीन महिन्यांत शेतीच्या औषधांशी काही संबंध आला होता का? फवारणी, औषध कालवणं, असं काही?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

त्या एका क्षणात माझ्या नाकात तो वास आला, घासलेटाचा आणि सडक्या लसणाचा. म्हणजे मला कळलं होतं. मी अडाणी असेन, पण मला कळलं होतं. आणि मी म्हणाले, "नाही मॅडम. आम्ही तिला वाकायलासुद्धा लावलं नाही. हलकं काम देत होतो."

डॉक्टरणीनं मान हलवली. "फार चांगलं केलंत," म्हणाली, आणि तिनं लिहिलं, नाही.

का बोलले मी असं? मुलगा समोर होता म्हणून? की त्या खड्ड्यावर एकटी माझी सून बसली नव्हती म्हणून? पंधरा वर्षांत कितीतरी बसल्या होत्या. एक हो म्हटलं असतं तर त्यांच्या सगळ्यांच्या दारात मला जावं लागलं असतं. एवढं सगळं त्या क्षणी सुचलं असं नाही. त्या क्षणी नुसती भीती होती. बाकीचं नंतर सुचलं, सवडीनं.

माझ्या त्या नाहीचं पुढं काय झालं ते ऐका. डॉक्टरीण म्हणाली, मग कधीकधी फॉलिकच्या गोळ्या कमी पडल्यानं होतं, दिवस राहायच्या आधीपासून त्या घ्यायच्या असतात. आणि सून मान खाली घालून म्हणाली की सरकारी गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून तिनं थोड्या फेकल्या. माझ्या मुलाला आठवलं की उकंड्यावर त्यानं गोळ्यांची चकाकती पट्टी पाहिली होती. झालं. तेव्हापासून आमच्या घरात लेकराच्या पायांचं कारण ती पट्टी. भांडण झालं की तो म्हणायचा, "उकंड्याले पाय देल्ले तूनं, पोरीले नाई." गावातल्या बाया वेगळंच म्हणायच्या, ग्रहणात काही कापलं असेल. तिची आई नागऱ्याला जाऊन महादेवाला पाणी घालून आली, पोरीची चूक पोटात घे म्हणून. आणि माझी सून, जी दारात नवऱ्याला अडवायची, ती खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायला लागली. मी तिच्या ताटात भाजी वाढायची, लेकरू सांभाळायची, तिच्या डोक्याला तेल लावून द्यायची. सगळं करायची. तोंड तेवढं उघडायची नाही. तीन वर्षं.

नात आता चौथ्यात आहे. पाठ शिवली, डोक्यातलं पाणी पोटात उतरायला कातडीखालून नळी टाकली. पाय तसेच. लघवी आपली आपण होत नाही. दर चार तासांनी आई बारीक नळी घालून काढते. ती नळी उकळायचं भगुणं आमच्या चुलीवर वेगळं आहे. पोरगी पडवीभर हातांवर सरकते, तिचे तळवे माझ्यासारखे टणक झाले आहेत. पण बोलते किती. कोंबड्यांना हुकूम सोडते. परवा मला म्हणाली, "आजी, तुले पाय हायेत तं पानी आन." आणि हसली. हे बोलणं आईचंच, जे आईनं सोडून दिलं.

या वर्षीची रोवणी जवळ आली आणि आमची शेजारीण माझ्या पडवीत येऊन बसली. टोळीत ती माझ्या बरोबरीनं पहिल्यापासून आहे. कोणाला भीत नाही, मलाही नाही. पान काढलं, चुना लावला, आणि म्हणाली, "अवो बाई, मह्या सुनेले दिवस गेले. दुसरा लागला. खड्ड्यावर तिचीच जागा धर, दुसऱ्या कोनाले देऊ नको."

मी म्हटलं, "पाहू."

ती म्हणाली, "पाहू काय? तुहीच रीत हाय ना? का म्हातारपनी विसरून राहिली?"

तिची सून कुंपणापलीकडे दिसत होती. एकोणीस-वीसची असेल. दोरीवर कपडे टाकत होती, ओठात चिमटा धरून. मी तिच्याकडे पाहिलं. या पोरीला मी आता खड्ड्यावर बसवलं तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नव्हतं. नाही बसवायचं तर कारण सांगावं लागणार. आणि ते कारण सांगायचं तर आधी माझ्या घरात सांगावं लागणार, कारण ज्या बाईवर सगळा दोष टाकला होता ती दहा पावलांवर बसून भगुण्यात नळी उकळत होती.

शेजारीण गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. सांगितलं. नीट सांगता आलं नाही. खड्डा म्हटलं, वास म्हटलं, त्या मॅडमनं विचारलं होतं म्हटलं. ती चिमट्यानं नळी उलटत होती, ती उलटतच राहिली.

मग म्हणाली, "त्याईनं इचारलं तवा मी तुमच्याकडे पाहून राहिली होती."

"हो."

"मले वाटलं, आत्याले माहीत असन काय सांगाचं ते." चुलीतलं लाकूड मागं ओढून म्हणाली, "तुमी नाई मनलं, मनून मीबी मनातल्या मनात नाई मनलं. तवापासून मी गोळ्याईचंच पाप धरून बसली. उठता-बसता तेच. पोरीचा पाय उचलला का ती पट्टी दिसते मले."

मी तिच्या पायाला हात लावायला गेले. तिनं पाय मागं घेतला. रागानं नाही, जसा कोणी गरम भांड्यापासून घेतो तसा.

आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीठ संपलं. शेळी सुटली. मुलाला मी स्वतः सांगितलं. तो ऐकून ट्रॅक्टरकडे गेला आणि दिवसभर त्याची चाकं धूत बसला. बायकोला त्यानं काही म्हटलं का, मला माहीत नाही. म्हटलं असेल अशी आशा आहे. नवव्या दिवशी नागपूरची तारीख होती, लेकराची डोक्यातली नळी दाखवायची. बसमध्ये सून खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आज मॅडमले तुमी सांगसान. मह्यासमोर."

तीच डॉक्टरीण होती. मी सांगितलं. तिनं जुना कागद काढला, तो नाही शब्द एका रेघेनं खोडला आणि बराच वेळ लिहीत राहिली. हातात काय असायचं, किती दिवस, पाणी कुठलं, जेवण कुठं, सगळं विचारलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, "मॅडम, त्यानंच झालं का?"

ती म्हणाली, "आजी, त्यानंच झालं असं मी सांगू शकत नाही. त्यानं झालं नाही, असंही सांगू शकत नाही. गोळ्यांचंही तसंच. पण पोटात बाळ असलेली बाई तिथं बसायला नको होती, एवढं मात्र नक्की."

सुनेनं विचारलं, "मंग मी का समजू?"

डॉक्टरणीनं लेकराच्या गालाला हात लावला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परत आल्यावर मी टोळीला आमच्या पडवीत बोलावलं. दरवर्षी बोलावते, कोणाची बांधी आधी घ्यायची ते ठरवायला. बारा-तेरा बाया. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी, नात तिच्या पायाशी. मी म्हटलं, या वर्षापासून खड्ड्यावर पोटुशी बाई बसणार नाही. आणि का ते सांगितलं.

एक धिप्पाड बाई, दोन मुलांची आई, म्हणाली, "मी तं दोनी पोराईच्या वक्ती बसली बापा. रेड्यावानी हायेत दोघंबी. दवाई लागली असती तं थोडे कमी खात असते."

दोघी-तिघी हसल्या. दुसरीनं विचारलं, "डॉक्टरनं लिहून देल्लं का, दवाईनंच झालं मनून?"

"नाई," मी म्हटलं. "तसं सांगता येत नाई मनते."

"मंग तू काऊन सांगून राहिली?"

मी नातीकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि लगेच नजरा काढून घेतल्या. टोळीतल्या एका बाईचं चार वर्षांमागं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तिनं त्या वर्षी पूर्ण रोवणी खड्ड्यावर काढली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. चपला शोधल्या, पायात घातल्या आणि निघून गेली. ती अजून माझ्या दारात आलेली नाही.

मग शेजारीण बोलली. "मंजे तुह्या सुनेले सावली, आन मह्या सुनेले चिखल. आपलं झालं, आता रीत मोडली. माही सून वाकन दिवसभर, आन काई झालं तं?"

मी म्हटलं, "तिले घरी ठेव. वाटा आमी देऊ तिचा."

"घरी बसून वाटा?" मागून कोणी तरी म्हणालं. "मंग मलेबी दिवस गेले मना."

या वेळी सगळ्या हसल्या. शेजारीण हसली नाही. ती म्हणाली, "मह्या घरी फुकटाचं कोनी खात नाई. आन तुहं पहिलं बांधीत गेलं, हे तूनंच मले सांगतलं होतं. त्यावरून रीत घातली ना? मंग आता वाकनं चांगलं झालं का?"

तिची एकही गोष्ट खोटी नव्हती. दाराशी उभी असलेली माझी सून पहिल्यांदा बोलली. तिनं शेजारणीच्या सुनेकडे, जी भिंतीला चिकटून बसली होती, तिच्याकडे पाहून म्हटलं, "तू नको बसू वो तिथं. मले मळमळत होतं, मी बसली. तू नको बसू." पोरगी सासूकडे पाहायला लागली. सासूनं पान थुंकलं आणि उठली.

ज्याच्या बांधीपासून सुरुवात होती त्या मालकाला मी सांगून पाहिलं, दवाईच बंद करा. माणूस वाईट नाही. त्यानं नातीची चौकशी केली, खुर्ची दिली. पण म्हणाला, मागं एका वर्षी बुडवलं नाही तर अर्ध्या लोंब्या दाणा न भरता पांढऱ्या झाल्या. बुडवणार नसाल तर मी दुसरी टोळी पाहतो. शेवटी त्यानं रबरी हातमोज्यांचा एक जोड दिला. माझ्या हाताला तो दोन बोटं मोठा होता.

म्हणून खड्ड्यावर मी बसले. माझं पासष्टाच्या पुढचं वय, माझ्या पोटात आता काय यायचं राहिलं आहे? ओळ शेजारणीच्या हाती दिली. टोळीनं हे कबूल केलं, कारण म्हातारीला वाकवत नाही हे सगळ्यांना दिसतच होतं. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी नहराला सुटलं, पहिली बांधी घेतली. मोजे घातले आणि पहिल्याच पेंढीला त्यांत वरून पाणी शिरलं. मग काय घालून आणि काय काढून. काढून ठेवले. पांढऱ्या पाण्यात हात घातला. या जागी मी कितीजणींना बसवलं, पण स्वतः कधी बसले नव्हते. वास डोळ्यांत जातो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेजारणीची सून ओळीत होती, धुऱ्याकडून तिसरी. मी पेंढी उचलायची, फेकायची. ती पाण्यात पडायची, कोणीतरी उचलायची. एक पेंढी तिनं उचलली. रोवणारी बाई पेंढी कशी धरते, तर डाव्या कोपराच्या बेचक्यात, अंगाशी, मुळं आतल्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताला काड्या चटचट निघतात. मीही आयुष्यभर तशीच धरली. तिनं तशीच धरली. पेंढीतून पांढरं पाणी निथळत होतं. तिच्या लुगड्याचा ओचा आधीच भिजला होता, पोटाला चिकटला होता. पायांत नडगीपर्यंत चिखल, आणि त्या चिखलात आम्ही सकाळपासून रोवलेली सगळी मुळं.

पंधरा वर्षं मी ओळीच्या पुढं राहून हे पाहिलं आणि मला दिसलं नाही. मी खड्डा तेवढा पाहिला. दवाई खड्ड्यात आहे आणि बांधी तिच्या बाहेर, असं मी धरून चालले होते.

मी हाक मारली, "पोरी, पेंढी अंगापासून दूर धर."

तिनं मान वर केली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. "दूर धरून रोवनं होते का आजी?" म्हणाली आणि हसली, आणि पुन्हा वाकली.

मी पुढची पेंढी उचलली. फेकली नाही. खड्ड्यावर आडवी धरून ठेवली, निथळू दिली. थेंब पडत होते, आधी भराभर, मग एकेक. अजून एक थेंब होता, म्हणून थांबले. त्यानंतर आणखी एक आला.

"बुढे, हात चालव," शेजारीण ओळीतून म्हणाली. "पेंढ्या संपून राहिल्या. ओळ उभी हाय."

मी ती पेंढी झटकली, पुन्हा झटकली, आणि टाकली.